माल नेणाऱ्या गाडीचा दिवा : बल्ब घरच्या घरी कसा बदलावा

शेतमाल पिकविण्याचे काम दिवसा चालते. परंतु तो बाजारात पोचविण्याचे काम पुष्कळदा रात्री करावे लागते. धाराशिव जिल्ह्यात ही गोष्ट विशेषच खरी आहे. सोलापूरच्या मार्केट यार्डात सकाळच्या लिलावात कांदा उतरावयाचा, म्हणून तुळजापूरकडील गाड्या आदल्या रात्रीच निघतात. परांडा भागातील भाजीपाला दिवस उगवण्यापूर्वी बार्शीची वाट धरतो. कळंबकडील सोयाबीन लातूरच्या आडतीवर जाते, तर भूम व वाशी या तालुक्यांतील खवा दूरच्या शहरांकडे रवाना होतो. दुधाचे कॅन गोळा करणारी व्हॅन तर वर्षाचे बाराही महिने पहाटेच्या अंधारातच गावोगाव फिरत असते.

या कामास आता बैलगाडी पुरत नाही. लहान व्हॅन, पिकअप आणि २००५ साली बाजारात आलेली व लोकांनी कौतुकाने ‘छोटा हत्ती’ असे नाव दिलेली लहान मालगाडी आता बहुतेक गावांत दिसते. गाडी ही आता शेतकऱ्याच्या औजारांपैकीच एक झाली आहे. तथापि इतर औजारांची जी निगा शेतकरी घेतो ती या औजाराच्या वाट्यास येतेच असे नाही. पेरणीस निघण्यापूर्वी तिफणीचे चाडे व नळे साफ आहेत की नाहीत हे तो डोळ्यांनी पाहतो. गाडीचे टायर आणि डिझेलही पाहतो. परंतु पुढचे दोन्ही दिवे लागतात किंवा नाही हे पाहण्याचे मात्र राहून जाते. एक दिवा गेला, तरी दुसरा आहे, आजची खेप तर होऊन जाऊ द्या, असा विचार केला जातो आणि एका डोळ्याची गाडी आठवडेच्या आठवडे रस्त्यावर धावत राहते.

वस्तुतः जळालेला बल्ब बदलणे हे दिवसाउजेडी दहा-पंधरा मिनिटांत होणारे काम आहे. त्यास फारशी हत्यारे लागत नाहीत आणि साधा हॅलोजन बल्ब मालाच्या एका खेपेच्या भाड्यापुढे अगदीच अल्प किमतीत मिळतो. मात्र ते काम योग्य रीतीने झाले पाहिजे. चुकीचा बल्ब किंवा चुकीचा बसविलेला बल्ब हा न लागणाऱ्या बल्बाइतकाच घातक ठरू शकतो. म्हणून या लेखात ती रीत सविस्तर सांगितली आहे.

रात्रीच्या रस्त्यावर कोण असते?

सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव व येडशीवरून बीडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ आणि सोलापूरहून नळदुर्ग व उमरग्यावरून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५ हे जिल्ह्याचे दोन मोठे रस्ते होत. त्यांवरील वाहतूक रात्रंदिवस चालू असते. परंतु हे रस्ते केवळ मोटारींचे नाहीत.

घटस्थापनेच्या सुमारास तुळजापूरहून ज्योत घेऊन गावोगावची तरुण मुले रात्रभर रस्त्याने धावत असतात. आश्विनी पौर्णिमेस सोलापूर व कर्नाटकाच्या बाजूने देवीच्या दर्शनास येणारे भाविक हजारोंच्या संख्येने पायी चालतात. कार्तिकापासून उसाचा हंगाम सुरू झाला की बैलगाड्या आणि ट्रॅक्टरमागील दुहेरी ट्रॉल्या कारखान्याच्या वाटेस लागतात. त्यांच्या मागे तांबडी काच असतेच असे नाही. असली तरी ती उसाच्या वाढ्यांखाली झाकलेली असते. याशिवाय वर्षभर नित्य दिसणारा माणूस म्हणजे रात्रीच्या विजेच्या पाळीवर पिकास पाणी देण्यास निघालेला शेतकरी. खांद्यावर खोरे, अंगावर गडद रंगाची चादर आणि हाती लहानशी बॅटरी अशा स्थितीत तो रस्त्याच्या कडेने चालत असतो.

तेव्हा गाडीचा दिवा ज्यास दाखवितो तो बहुधा परका नसतो. तो आपल्याच शिवारातला, आपल्याच भावकीतला माणूस असतो. जुन्या काळी बैलगाडीच्या साटीखाली कंदील टांगण्याची रीत होती. त्या कंदिलाने रस्ता फारसा उजळत नसे. पण येथे गाडी आहे, येथे माणूस आहे, एवढे समोरच्यास कळत असे. मोटारीच्या दिव्याकडे ही दोन्ही कामे आहेत : स्वतः पाहणे आणि दुसऱ्यास दिसणे. त्यांत तिसऱ्या एका कामाची भर पडली आहे, ते म्हणजे समोरून येणाऱ्याचे डोळे न दिपविणे.

एक दिवा नसल्याने काय होते?

आपल्या देशात वाहने डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे समोरून येणारी गाडी आपल्या उजव्या अंगाने जाते. गाडीचा उजवा दिवा बंद असेल, तर समोरच्या चालकास केवळ डावा दिवा दिसतो. ती मोटारसायकल आहे असे समजून तो आपली गाडी मधोमध ठेवतो. व्हॅनचे उजवे अंग त्या एका दिव्यापासून चार-साडेचार फूट पुढे अंधारात आलेले असते, हे त्याच्या लक्षात येते तेव्हा वेळ निघून गेलेली असते. डावा दिवा बंद असेल तर रस्त्याची कडा, साइडपट्टी आणि कडेने चालणारा माणूस अंधारात राहतो. म्हणजे कोणताही एक दिवा गेला, तरी धोका आहेच. फक्त तो कोणास, एवढाच फरक.

अंतराचा हिशेब केला म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, असे धरले तर तेवढ्यात २५ मीटर अंतर तुटते. त्यानंतर कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगले ब्रेक असलेली गाडी थांबण्यास आणखी सुमारे २३ मीटर लागतात. एकूण ४८ मीटर झाले. गाडीत माल भरलेला असेल, टायर झिजलेले असतील किंवा परतीच्या पावसाने रस्ता ओला असेल, तर हे अंतर वाढते. ताशी ४० किलोमीटर वेगास हेच अंतर सुमारे २७ मीटर पडते. दोन्ही दिवे ठीक असतानासुद्धा जवळच्या झोतात गडद कपड्यांतील माणूस पन्नास मीटरांवरून ओळखू येणे कठीण असते. एकच दिवा असेल, तर गाडी थांबू शकेल तेवढे अंतरही दिसत नाही, आणि चालक अक्षरशः आंधळेपणाने गाडी हाकीत असतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १०५ अन्वये सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत वाहनाचे दिवे लागलेले असणे आवश्यक आहे. पुढील १५५ मीटर अंतरावरील माणूस व वाहन स्पष्ट दिसेल इतका त्यांचा प्रकाश असावा, असेही तेथे सांगितले आहे. दंडाच्या भीतीने नव्हे, तर वरील हिशेब लक्षात घेऊन हा नियम पाळणे हितावह आहे.

बल्बाची रचना

पुष्कळशा व्हॅन व पिकअप गाड्यांत ‘एच-४’ जातीचा हॅलोजन बल्ब असतो. हॅलोजन बल्ब मोटारींच्या पुढच्या दिव्यांत प्रथम १९६२ साली युरोपात वापरात आले आणि एकाच बल्बात दोन तारा असलेली एच-४ ही जात १९७१ साली निघाली. १२ व्होल्टच्या गाडीत या बल्बावर ६०/५५ वॅट असा आकडा लिहिलेला असतो. ६० वॅटची तार दूरच्या झोतासाठी असते, ज्यास चालक ‘अप्पर’ म्हणतात. ५५ वॅटची तार जवळच्या झोतासाठी असते, ज्यास ‘डिप्पर’ म्हणतात. डिप्परच्या तारेखाली धातूची एक लहानशी वाटी असते. ही वाटी तारेचा खाली जाणारा प्रकाश अडविते. त्यामुळे आरशाच्या वरच्या भागावरच प्रकाश पडून तो रस्त्याकडे उतरतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. ही वाटी नेमक्या जागी असली तरच डिप्परचा उपयोग, हे ध्यानात ठेवावे.

बल्बातील तार टंगस्टन या धातूची असते. तापल्यावर तिचे कण हळूहळू उडतात. साध्या बल्बात ते काचेवर बसून काच काळवंडते. हॅलोजन बल्बातील वायू हे कण पकडून पुन्हा तारेकडे आणतो, म्हणून काच स्वच्छ राहते व प्रकाश अखेरपर्यंत चांगला मिळतो. यासाठी काचेचे तापमान २५० अंश सेल्सियसच्या वर असावे लागते. ती काच साधी नसून क्वार्ट्झ जातीची असते आणि आतील वायू दाबाखाली भरलेला असतो. पुढे सांगितलेल्या सर्व खबरदाऱ्यांचे मूळ या दोन गोष्टींत आहे.

बल्ब जातो तो तीन कारणांनी : वापराने तार झिजून, खड्ड्यांतील हादऱ्यांनी, किंवा विजेचा दाब वाढल्याने. पाणंद रस्त्यावरून दररोज जाणाऱ्या गाडीचा बल्ब दुसऱ्या कारणाने लवकर जाणे स्वाभाविक आहे. परंतु दर महिना-दोन महिन्यांनी बल्ब जात असेल, तर तिसऱ्या कारणाचा शोध घ्यावा. दाब केवळ पाच टक्क्यांनी वाढला, तरी बल्बाचे आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते. इंजिन चालू असताना बॅटरीवरील दाब साधारणपणे १३.८ ते १४.४ व्होल्ट असावा. तो १५ व्होल्टच्या वर जात असल्यास दोष बल्बाचा नसून विद्युत्‌दाब आवरणाऱ्या रेग्युलेटरचा आहे. अशा वेळी नवा बल्ब घालण्यापूर्वी गाडी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे दाखवावी.

दोष बल्बाचाच आहे काय?

बाजारात बल्ब आणण्यास जाण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्या.

१) एकाच बाजूचा अप्पर लागतो पण डिप्पर लागत नाही, किंवा याच्या उलट होत असेल, तर बहुधा बल्बातील एक तार तुटली आहे. बल्ब बदलावा.

२) दोन्ही बाजूंचे दिवे एकदम बंद झाले असतील, तर दोन्ही बल्ब एकाच वेळी जाण्याचा संभव कमी असतो. प्रथम फ्यूज पाहावा. जळालेल्या फ्यूजच्या जागी तितक्याच अँपिअरचा नवा फ्यूज घालावा. तांब्याची तार गुंडाळून काम चालविणे म्हणजे गाडीस आग लावण्याची तयारी करणे होय.

३) एका बाजूचा दिवा लागतो पण अगदी तांबूस व मंद दिसतो, असे असल्यास अर्थची तार गंजलेली किंवा सैल असते. तारेचे टोक सोडवून पॉलिश कागदाने घासावे व घट्ट बसवावे. दाब दहा टक्के कमी पडला, तर प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. म्हणून हा दोष क्षुल्लक समजू नये.

४) शंका राहिल्यास चांगल्या बाजूचा बल्ब काढून बंद बाजूस लावून पाहावा. तो लागला तर जुना बल्ब गेला. तोही लागला नाही तर दोष सॉकेटात किंवा वायरिंगमध्ये आहे.

कोणता बल्ब घ्यावा?

जुना बल्ब दुकानात दाखवून त्याच जातीचा, तितक्याच व्होल्टचा व तितक्याच वॅटचा बल्ब घ्यावा. काही गाड्यांत अप्पर व डिप्पर यांस स्वतंत्र बल्ब असतात. त्यांची जात निराळी असते. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत बल्बाची जात दिलेली असते. १२ व्होल्टच्या गाडीस २४ व्होल्टचा बल्ब बसविल्यास तो अगदीच मंद लागेल. उलट केल्यास क्षणात जळून जाईल. एक बल्ब वयाने झाला असेल, तर दुसराही फार दिवस टिकत नाही. म्हणून शक्य तर जोडी घ्यावी, दोन्ही बदलावे आणि काढलेला चालू बल्ब त्याच्या खोक्यात घालून गाडीत जपून ठेवावा.

नवीन गाड्यांपैकी काहींत एलईडी दिव्याचा संपूर्ण संचच बंद पेटीसारखा असतो. तो घरी उघडण्याचा प्रयत्न करू नये. कंपनीच्या कार्यशाळेतच न्यावा.

बल्ब बदलण्याची रीत

हे काम दिवसा, सपाट जागी करावे. नवा बल्ब, स्वच्छ कोरडे सुती फडके, थोडे स्पिरिट आणि एक स्क्रू-ड्रायव्हर एवढे सामान पुरते.

प्रथम इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी, हँडब्रेक ओढावा व दिव्याचे बटण बंद करावे. दिवे नुकतेच चालू असतील तर पंधरा मिनिटे थांबावे. तापलेल्या बल्बाने हात भाजतो, आणि तशा बल्बावर ओरखडा किंवा धक्का बसल्यास तो फुटून तुकडे डोळ्यांत उडण्याचा संभव असतो. डोळ्यांवर चष्मा असल्यास उत्तम.

बॉनेट किंवा गाडीच्या रचनेप्रमाणे दिव्याच्या मागचे झाकण उघडावे. काही व्हॅनमध्ये मागून हात जात नाही. तेथे दिव्याचा संच समोरून स्क्रू काढून बाहेर घ्यावा लागतो. अशा वेळी दिव्याची दिशा बदलणारे स्क्रू आणि संच धरणारे स्क्रू यांत गल्लत करू नये. कोणता स्क्रू कशाचा हे पुस्तिकेत पाहूनच हात घालावा.

दिव्याच्या मागे तीन पिनांचे सॉकेट दिसेल. तार धरून न ओढता सॉकेटाचे अंगच धरून, किंचित डावे-उजवे हलवीत ते सरळ मागे काढावे. ते काळे पडले किंवा वितळले असेल तर बदलून घ्यावे. त्यानंतर रबरी टोपी कडेने सोडवून काढावी. आत बल्बास धरणारी स्प्रिंगची तार असते. तिचे टोक आत दाबून बाजूस सरकविले म्हणजे ती सुटते. ती कशी बसलेली होती ते सोडण्यापूर्वी नीट पाहून ठेवावे. आता जुना बल्ब सरळ मागे ओढून काढावा.

नवा बल्ब खोक्यातून काढताना केवळ धातूच्या बुडास धरावे. काचेस बोट लावू नये. बोटावर घाम असतो, तेल असते, क्वचित ग्रीसही असते. त्याचा ठसा काचेवर राहिला तर तेवढी जागा अधिक तापते, काच दुर्बल होते आणि बल्ब थोड्याच दिवसांत जातो. चुकून बोट लागलेच तर फडक्यावर स्पिरिट घेऊन काच पुसावी व वाळू द्यावी. कंदिलाची काच रोज राखेने लख्ख करणाऱ्या पिढीस ही शिस्त नवी नाही. फक्त येथे काच पुसण्यापेक्षा तिला हात न लावणे अधिक महत्त्वाचे आहे.

बल्बाच्या बुडावरील चकतीस तीन कान असतात. त्यांपैकी एक इतरांहून रुंद असतो. एच-४ बल्बात हा रुंद कान वरच्या खाचेत बसतो. कान खाचेत नीट बसले म्हणजे बल्ब जागच्या जागी स्थिर राहतो. तो बसत नसेल तर जोर करू नये. फिरवून खाच शोधावी. बल्ब तिरपा बसला तर वर सांगितलेली वाटी जागा सोडते आणि सगळा प्रकाश आभाळाकडे जातो. स्प्रिंगची तार पूर्ववत अडकवावी, रबरी टोपी सर्व बाजूंनी दाबून बसवावी व शेवटी सॉकेट लावावे. टोपी सैल राहिली, तर सोयाबीनच्या मळणीचा भुसा, धूळ व पावसाचे पाणी आत जाते. आरसा डागाळतो व नवा बल्ब घालूनही प्रकाश पडत नाही.

नंतर दिवे लावून अप्पर व डिप्पर दोन्ही पाहावे. एकट्याने काम करीत असल्यास गाडी भिंतीसमोर ठेवून पाहता येते.

झोत कोठे पडतो ते पाहणे

बल्ब लागला म्हणजे काम संपले असे नाही. झोत योग्य जागी पडतो किंवा नाही हे पाहणे हा या कामाचा अर्धा भाग आहे, आणि तोच बहुधा वगळला जातो.

गावातील शाळेची, गोदामाची किंवा घराची सपाट भिंत निवडावी. गाडी तिच्यासमोर सपाट जमिनीवर १० मीटरांवर सरळ उभी करावी. टायरांतील हवा योग्य असावी. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजावी व तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूने आडवी रेघ ओढावी. दिवेलागणीस डिप्पर लावावा. उजेड व अंधार यांची सीमा त्या रेघेच्या सुमारे १० सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. सीमेचा डावा भाग थोडा वर चढलेला दिसतो. तो दोष नसून रस्त्याची डावी कडा दिसावी म्हणून केलेली योजना आहे. दहा मीटरांत दहा सेंटिमीटर उतार, म्हणजे दिवा ७५ सेंटिमीटर उंचीवर असल्यास झोत ७५ मीटरांवर जमिनीस टेकतो. रस्ता पाहण्यास व समोरच्याचे डोळे वाचविण्यास एवढा उतार योग्य होय. दोन्ही बाजूंची सीमा सारखी नसेल, तर दिव्यावरील दिशा बदलणारा स्क्रू थोडथोडा फिरवून ती सारखी करावी.

रिकाम्या गाडीवर केलेली ही जुळवणी भरल्या गाडीस लागू पडतेच असे नाही, ही गोष्ट माल नेणाऱ्याने विशेषेकरून लक्षात घ्यावी. मागे कांद्याच्या गोण्या चढल्या की गाडीची पाठ दबते व तोंड वर होते. तोंड केवळ एक अंश वर झाले, तर दहा मीटरांवर झोत १७ सेंटिमीटर वर सरकतो. म्हणजे दहा सेंटिमीटरांचा उतार संपून तो थेट समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ लागतो. काही गाड्यांत चालकाजवळ दिव्याची उंची कमी करण्याचे चाक असते. माल भरल्यावर ते पुढच्या आकड्यावर न्यावे. असे चाक नसल्यास नेहमीचा माल भरलेल्या स्थितीत भिंतीची परीक्षा एकदा करून घ्यावी. क्षमतेपेक्षा अधिक माल भरणे तर सर्वच दृष्टींनी अनिष्ट आहे.

मोठ्या बल्बाचा मोह

दुकानात १००/९० वॅटचे बल्ब किंवा जुन्याच दिव्यात बसणारे पांढऱ्या लखलखाटाचे एलईडी बल्ब मिळतात. थोड्या पैशांत दुप्पट उजेड, असे त्यांचे आकर्षण असते. परंतु यात तिहेरी नुकसान आहे.

पहिले, तारांचे. ६० वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर ५ अँपिअर प्रवाह घेतो. १०० वॅटचा ८ अँपिअरहून अधिक घेतो. तारेत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून त्याच तारेत ती जवळजवळ पावणेतीन पट होते. सॉकेट वितळणे, बटण जळणे आणि प्रसंगी गाडी पेटणे हे त्याचे परिणाम होत. दुसरे, प्रकाशाचे. हॅलोजन तारेसाठी घडविलेल्या आरशात एलईडी बल्ब घातला, तर त्याचा प्रकाश नेमक्या जागेवरून निघत नाही. झोत फुटतो, जवळचा रस्ता लखलखतो आणि लांबचा मात्र दिसेनासा होतो. तिसरे व सर्वांत मोठे नुकसान समोरच्याचे. डोळे दिपलेल्या चालकास काही क्षण पुढे केवळ काळोख दिसतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने दोनच सेकंद गेले, तरी त्याची गाडी ३३ मीटर आंधळी धावलेली असते. त्या ३३ मीटरांत कोण चालत होते, हे उजेड पाडणाऱ्यास कधीच कळत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ नेही कारखान्याच्या मूळ रचनेत असे मनमानी बदल करण्यास मनाई केली आहे.

उजेड कमी पडतो असे वाटत असेल, तर मोठा बल्ब घेण्यापूर्वी दिव्याची बाहेरील काच पाहावी. पुष्कळदा तीवर धूळ, चिखल व किडे यांचा थर असतो, किंवा प्लॅस्टिकची काच उन्हाने पिवळी पडलेली असते. ओल्या फडक्याने पुसणे, पिवळी काच पॉलिश करून घेणे, बॅटरीची टोके साफ करणे आणि अर्थची तार घट्ट करणे, एवढ्यानेच गेलेला उजेड परत येतो.

ट्रॅक्टर, ट्रॉली आणि मागचे दिवे

पुढचा दिवा कितीही चांगला असला, तरी मागचा दिवा नसलेली ट्रॉली चालकास वेळेवर दिसेलच असे नाही. म्हणून ज्या दिवशी पुढचा बल्ब बदलावा, त्याच दिवशी मागचे तांबडे दिवे, ब्रेकचे दिवे व वळण दाखविणारे दिवेही पाहून घ्यावे. ट्रॉलीस दोन्ही कोपऱ्यांवर तांबडे परावर्तक असावे. उसाची मोळी त्यावर लोंबत असेल तर ते लोंबणारे वाढे कापून टाकावे. बैलगाडीच्या मागे व चाकांच्या आरांवर परावर्तक पट्टी चिकटविण्यास फार खर्च येत नाही. रात्री पाणी देण्यास जाणाऱ्याने अंगावर पांढरे उपरणे घ्यावे व बॅटरी चालू ठेवून रस्त्याच्या उजव्या कडेने, वाहनांकडे तोंड करून चालावे.

वेळापत्रक ठरवावे

शेतीची कामे जशी नक्षत्रांवर बांधलेली असतात, तशी ही तपासणीही ठराविक वेळांशी बांधली म्हणजे ती चुकत नाही. एक तपासणी मृगापूर्वी व्हावी, म्हणजे पावसाळ्यात दिव्यात पाणी जाणार नाही. दुसरी घटस्थापनेपूर्वी व्हावी. कारण त्यानंतर ज्योत नेणारी मुले, पायी चालणारे भाविक आणि सोयाबीनच्या गाड्या एकाच रस्त्यावर येतात. तिसरी उसाच्या मोळीपूजनाच्या सुमारास व्हावी. याशिवाय प्रत्येक रात्री निघण्यापूर्वी गाडी भिंतीकडे तोंड करून दोन्ही दिवे पाहण्याचा परिपाठ ठेवावा. त्यास अर्धे मिनिटही लागत नाही.

गावात दुधाच्या, भाजीच्या व मालाच्या मिळून दहा-बारा गाड्या असतील, तर त्यांच्या मालकांनी मिळून एच-४ बल्बांची एक पेटी व काही फ्यूज गावातील एखाद्या दुकानात ठेवावे. ज्याने एकदा बल्ब बदलला आहे त्याने शेजाऱ्यास ते काम दाखवावे. शेतकरी गटांच्या बैठकीत बियाण्याचा व खतांचा विचार होतो, त्याच बैठकीत वर्षातून एकदा भिंतीवर खडूची रेघ ओढून सर्व गाड्यांचे झोत पाहिले, तर एका संध्याकाळी सगळ्या गावाचे काम होईल.

वर्षभर राबून पिकविलेला माल बाजारात सुखरूप पोचावा, तो नेणारा सुखरूप परत यावा आणि वाटेत भेटणारा प्रत्येक जण आपल्या घरी पोचावा, यासाठी करावयाचे काम इतके थोडे आहे. ते दिवस मावळण्यापूर्वी करावे.